धोटावाल्या क्लबचा झेंडा

फुटबॉलची मॅच मी आजपर्यंत एक पण पूर्ण पाहिलेली नाही, हे आधीच सांगून देते, नाहीतर वाचणारे म्हणतील ही बाई जर्मनीच्या फुटबॉल क्लबबद्दल कशाला बोलते आहे. इथल्या मराठी मंडळाच्या काकू घरी आल्या आणि म्हणाल्या, यावेळच्या दिवाळी अंकात काम करणाऱ्या बायकांनी आपल्या कामाचं लिहायचं आहे, तू पण लिही. मी म्हटलं, काकू, मी नववीत शाळा सोडली. त्या म्हणाल्या, बोलतेस तसं लिही, मध्ये थांबू नकोस. तर मी थांबत नाही. थांबले की मला भीती वाटते, मतलब नेहमीच वाटते, पण हात चालू असला की थोडी कमी वाटते.

मी सांवेर रोडला, आमच्या शहराच्या कारखान्यांच्या भागात, एम्ब्रॉयडरीच्या युनिटमध्ये होते. आता नाही. का नाही, तेच लिहायचं आहे.

आधी काम सांगते. कम्प्युटर मशीनला बारा डोकी असतात, एकेका डोक्याला नऊ सुया, प्रत्येक सुईत वेगळा रंग. कम्प्युटरमध्ये डिझाइनची फाइल असते, ती सांगते आता तीन नंबरची सुई, आता सात नंबरची, आणि बाराच्या बारा डोकी एकसाथ तेच फूल काढतात. लोकांना वाटतं सगळं मशीनच करते. करते, पण धागा तुटतो. तुटल्यावर मशीन थांबेपर्यंत दोनचार टाके हवेतच जातात आणि तेवढी जागा रिकामी राहते. ती जागा मग हाताने भरायची, त्याच रंगाने, त्याच तिरक्या चालीने. त्याला आम्ही टाका भरणं म्हणायचो आणि ते माझं काम होतं. चांगला भरला तर कोणाला दिसत नाही, दिसला म्हणजे खराब भरला. म्हणून या कामात शाबाशी कधीच मिळत नाही, फक्त शिव्या मिळतात, आणि ज्या दिवशी शिवी मिळाली नाही त्या दिवशी समजायचं की आपण चांगलं काम केलं.

कस्टमर एकेक यायचे. एक बँडवाले भिया होते, इकडे भैयाला भिया म्हणतात, त्यांना वर्दीच्या पाठीवर सिंह पाहिजे होता. तीन वेळा परत आणला. म्हणाले, "मैडम, ये शेर ऐसा लग रहा है जैसे इसको उधारी माँगने भेजा है. बारात का शेर है, थोड़ा खुश करो." मी त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात चार टाके वर घातले. सिंह हसला, भिया पण हसले, आणि चहा पाजून गेले. असे दिवस पण होते, सगळं रडगाणं नव्हतं.

मिनू झाली तेव्हा मी काम सोडायला निघाले होते. मिनू माझी मुलगी. तिचे पप्पा ट्रक चालवतात, आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. घरात फक्त नाना, माझे सासरे. नानांचे हात थरथरतात. एकदा मिनूला उचलून उंबऱ्यात पडले, तिला काही झालं नाही पण ते दोन दिवस जेवले नाहीत, आणि मी पण त्यानंतर मिनूला त्यांच्याजवळ एकटं ठेवलं नाही. रस्त्यात अॅम्बुलन्सचा आवाज आला तरी मला वाटतं आपल्याच घरी चालली आहे.

शबाना दीदी आमच्या मशीनची ऑपरेटर. तिनेच सुपरवायझरला सांगितलं, "तिवारीजी, बच्ची को साथ लाने दो, नहीं तो ऐसी टाका भरने वाली आपको पोलोग्राउंड तक नहीं मिलेगी." तिवारीजी बोलले, "और रोएगी तो?" दीदी म्हणाली, "मशीन की आवाज में आपका चिल्लाना नहीं सुनाई देता, बच्ची का क्या सुनाई देगा." तिवारीजींनी हात झटकला आणि निघून गेले, आणि आम्ही तेच हो समजलो.

धाग्याचे कोन येतात ना, मशीनची मोठी रिळं, त्याचा मोठा खोका माझ्या टेबलाखाली ठेवला, आत गोधडी घातली. मिनू त्यात झोपायची, मग बसायला लागली, मग खोक्याच्या बाहेर यायला लागली. माझ्या साडीच्या निऱ्या धरून उभी राहायला तिथेच शिकली. मशीन बंद पडली की ती दचकून रडायची, चालू झाली की गप्प. तिला वाटत असेल जगात असाच आवाज असतो.

मग जर्मनीचा ऑर्डर आला.

एक लहानशा गावाचा फुटबॉल क्लब. नाव लिहीत नाही, कस्टमरचं नाव बाहेर सांगायचं नाही असा आमच्याकडे नियम होता. क्लबला शंभर वर्षं होणार होती म्हणून त्यांना एक मोठा झेंडा पाहिजे होता, आडवा, पलंगाच्या चादरीएवढा, निळ्या कापडावर सहा चौकटी, आणि एकेका चौकटीत क्लबच्या इतिहासातली एकेक गोष्ट. मधोमध क्लबचं चिन्ह. ते चिन्ह आम्हाला कोणाला कळेना. दीदी म्हणाली नाव आहे, पाण्यातली. तिवारीजी म्हणाले मछली है, जर्मनी में मछली बहुत खाते हैं. मी फोनमध्ये फोटो काढून घरी नानांना दाखवला. नानांनी फोन डोळ्याला लावला आणि हसायलाच लागले. "अगं हा तर धोटा आहे! हातमागाचा धोटा! आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो."

नाना इथल्या मिलमध्ये विणकर होते. मिल बंद होऊन किती वर्षं झाली, नाना अजून सकाळी भोंग्याच्या टायमाला उठतात. त्या दिवसापासून आम्ही त्याला धोटावाला क्लबच म्हणायला लागलो, आणि रोज घरी गेले की नाना विचारायचे, "मग, आज धोटावाल्यांचं काय झालं?"

फाइल बनवणारी नेहा म्हणून मुलगी होती, ग्रॅज्युएट, तिच्याकडे प्रत्येक चौकटीबरोबर इंग्लिशमध्ये माहिती आलेली. ती फोनमधून त्याचं हिंदी करायची आणि मला जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवायची, आणि मी ते घरी येऊन नानांना मराठीत सांगायचे. असा तो क्लब जर्मनीतून निघून आमच्या ओट्यावर आला.

पहिल्या चौकटीत एक लांब टेबल आणि त्याच्याभोवती माणसं. गावात कापडाची मिल होती, तिथल्या विणकरांनी दारूच्या दुकानात बसून क्लब काढला. खेळायला जागा नव्हती, तर मिलचं धुतलेलं कापड जिथे वाळत घालायचे त्या मैदानावर कापड उचलल्यावर खेळायचे. अजून त्या ग्राउंडला वाळवण म्हणूनच नाव आहे म्हणे. दुसऱ्या चौकटीत रेल्वे. तिकडे फुटबॉलच्या पायऱ्या असतात, वरच्या पायरीवर मोठे क्लब, जिंकलं की एक पायरी वर, हरलं की खाली. हा क्लब पाचव्या-सहाव्या पायरीवरचा. एकदाच, एका वर्षासाठी, खूप वर गेला होता, तेव्हा दूरदूरच्या गावांना रेल्वेने जायचे, आणि प्रत्येक ठिकाणी हरून यायचे. मग परत खाली. नाना म्हणाले, "पण रेल्वे काढली ना झेंड्यावर? हरल्याचं नाही काढलं, गेल्याचं काढलं. शहाणे आहेत."

तिसरी चौकट नंतर सांगते.

चौथीत ग्राउंडवर बटाटे. मोठ्या लढाईनंतर खायला नव्हतं तर खेळायच्या जागेवर बटाटे लावले, दोन गोलच्या मध्ये. पाचवीत चिमणी, धूर नसलेली. मिल बंद झाली, पोरं गाव सोडून गेली, क्लब बुडायला आला, बाजूच्या मोठ्या गावाचा क्लब म्हणाला आमच्यात या, तर गावाने हात वर करून नाही म्हटलं. ही गोष्ट नानांनी मला दोनदा सांगायला लावली. मग म्हणाले, "आमची पण टीम होती ग मिलची. मी गोलमध्ये उभा राहायचो. गेटला कुलूप लागलं त्या दिवशी जाळी आतच राहिली." मी म्हटलं, "मग कोणी काढली नाही?" नाना म्हणाले, "कोण काढणार? माणसं बाहेर काढायचीच पंचाईत." सहाव्या चौकटीत आताच्या मुली, फुटबॉल खेळणाऱ्या, वेण्या उडताहेत.

आता तिसरी. माझी चूक तिथे झाली.

नेहा बहिणीच्या लग्नाला गेली होती त्यामुळे तिसऱ्या चौकटीची माहिती कोणी वाचून दाखवली नव्हती. शनिवारी तिवारीजी दीदीला म्हणाले, फाइल जशी आहे तशी चालव. दीदीने चालवली. रविवारी सुट्टी, सोमवारी दीदीच्या सासूचं डोळ्याचं ऑपरेशन, म्हणून ती आली नाही. सोमवारी सकाळी झेंडा माझ्या टेबलावर आला, टाके भरायला.

बाकी सगळ्या चौकटी निळ्यावर होत्या, अक्षरं सोनेरी. ही एकच चौकट काळ्या कापडाची. आणि रिकामी. मी हात फिरवला तर बोटाला अक्षरं लागली. कापड तिरपं धरलं तेव्हा दिसलं, पाच ओळी, नावं आहेत, पण काळ्या कापडावर काळ्याच धाग्याने. पाचव्या ओळीत एकाच्या जागी दोन नावं, आणि दुसरं नाव एकच शब्दाचं, आडनाव नाही.

आमच्या कामात सगळ्यात कॉमन चूक हीच असते, की सुईवर कोन दुसऱ्याच रंगाचा चढतो. दीदीकडून मागच्याच महिन्यात अशी झाली होती, शाळेच्या बिल्ल्यांवर लालच्या जागी केशरी, आणि सेठजींनी, मतलब मालकांनी, सगळ्यांसमोर सांगितलं होतं की अजून एक वेळा, मग घरी बसा. मला वाटलं, दीदीने सोनेरीच्या जागी काळा कोन लावला. सासूच्या ऑपरेशनच्या टेन्शनमध्ये लावला असणार. मी कोणाला विचारलं असतं तर दीदी गेली असती. आणि दीदी गेली तर मिनूचा खोका पण गेला, हे पण मनात आलं, खोटं कशाला बोलू. दोन्ही आलं.

मी सोनेरी धागा घेतला आणि भरायला बसले. अंगठ्याच्या नखाएवढं एकेक अक्षर. काळ्या टाक्यावरूनच, तोच आकार धरून, हाताने. सकाळी नऊला बसले, संध्याकाळी सुट्टीपर्यंत पाची ओळी सोन्याच्या झाल्या. मिनूला मध्ये दूध पाजलं तेवढंच उठले. मान अशी आखडली की वळेना. पण खरं सांगते, मी आयुष्यात त्याच्याइतकं चांगलं काम केलं नाही. चमकत होतं. मी मिनूला उचलून दाखवलं, बघ, आईने दीदीला वाचवलं.

मंगळवारी नेहा आली, मेंदीच्या हाताने. झेंड्यासमोर उभी राहिली आणि तोंडावर हात ठेवला. मग पळत जाऊन तिवारीजींना घेऊन आली.

तिवारीजींनी विचारलं, "अरे, ये सोना किसने चढ़ाया?"

मी बोलले, "मी."

"किसने बोला था?"

"कोणी नाही. मला वाटलं कोन चुकला."

दीदी तिथेच होती. तिने सोनेरी अक्षरांवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "पगली, मेरे से पूछ तो लेती. फाइल में ही काला था."

तिवारीजी ओरडले नाहीत, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. ते नेहाला म्हणाले, "इसको पढ़के सुना. इसको भी पता चले क्या किया है." नेहाने वाचलं. मी जसं लक्षात आहे तसं लिहिते.

मोठ्या लढाईच्या आधी तिकडच्या सरकारने ठरवलं की ज्यू लोकांना कुठेच ठेवायचं नाही, आणि क्लबवाल्यांनी कोणी सांगायच्या आधीच स्वतःहून त्यांना काढून टाकलं. एक खजिनदार होता, बॉल आणि जाळ्या त्याच्याच घरी राहायच्या. एक गोलकीपर. एक डॉक्टर, मॅचच्या दिवशी पट्ट्या बांधायचा. एक टेलर, क्लबचा सगळ्यात पहिला झेंडा त्यानेच शिवलेला. आणि एक बाई, खेळाडूंचे कपडे धुणारी, ती मुलीला बरोबर आणायची, मुलगी ग्राउंडच्या कडेला बसायची. क्लबच्या रजिस्टरमध्ये या सगळ्यांच्या नावावर काळी शाई फिरवली. नंतर त्यांना गाड्यांमध्ये भरून नेलं. कोणी परत आलं नाही. मुलगी पण नाही. रजिस्टरमध्ये मुलीचं नाव नव्हतंच, ते गावातल्या एका म्हातारीने सांगितलं, तिला पहिलंच नाव आठवत होतं.

आणि शेवटी लिहिलं होतं की ही शाई आम्ही स्वतः फिरवली होती, म्हणून ही नावं रंगात लिहिण्याचा आम्हाला हक्क नाही. काळ्यावर काळंच ठेवा. ज्याला वाचायचं असेल त्याने जवळ यावं आणि हात लावावा.

मशीन चालू होती पण मला ऐकू येईना. टेबलाखाली मिनू खोक्याचा पुठ्ठा चावत होती. मला फक्त ती ग्राउंडच्या कडेची मुलगी दिसत होती, आणि तिची आई कपडे पिळतापिळता मान वळवून बघत असेल की बसली आहे ना, की गेली कुठे. मी दिवसातून शंभर वेळा तशीच बघते.

तिवारीजी म्हणाले, "परसों कुरियर है. उधेड़ो."

उसवायचं काम भरण्यापेक्षा वाईट. कापड उलटं करायचं, ब्लेडने मागून टाके कापायचे, पुढून चिमट्याने ओढायचे. कापडाला भोक पडता कामा नये. माझा सोनेरी धागा काढताना खालचा काळा पण कापला जात होता, दोन्ही एकमेकात अडकलेले. म्हणजे नाव पूर्णच जायचं, मग नवीन काळ्या धाग्याने परत भरायचं. खजिनदार गेला, भरला. गोलकीपर गेला, भरला. दीदी मशीन सोडून माझ्या बाजूला येऊन बसली, चिमट्याने धागे वेचायला. म्हणाली, "इतना मत सोच, हाथ काँपेगा." मी म्हटलं, "दीदी, मी पण काढतेच आहे ना त्यांना." तिने पुढचा धागा वेचला.

शेवटच्या ओळीला मला हातच लावता येईना. आईचं नाव कसंबसं काढलं आणि सुईच्या खुणांवरून परत भरलं. मुलीचं काढायच्या आधी मी काळ्या कापडाची एक कतरण घेतली आणि त्याच्यावर ते आधी भरून पाहिलं, आईचं आणि मुलीचं, दोन्ही. प्रॅक्टिस म्हणून, असं मी दीदीला सांगितलं. प्रॅक्टिसची गरज नव्हती. मला ते नाव कुठेतरी असायला पाहिजे होतं, झेंड्यावर ते नसेल तेवढ्या वेळापुरतं.

बुधवारी चार वाजता झालं. हाताने भरलेली अक्षरं मशीनपेक्षा जाड झाली होती, थोडी वर उठलेली. तिवारीजींना शंका आली की कस्टमर घेईल की नाही, म्हणून ते म्हणाले फोटो पाठवून आधीच विचारून घेऊ. काळ्यावर काळं असं फोटोत येत नाही, म्हणून झेंडा खिडकीजवळच्या टेबलावर पसरला, तिरपं ऊन होतं, आणि अक्षरं अशी उभी राहिली, एकेक. तिवारीजी पण बोलले, "वाह." पहिल्यांदा बोलले. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी तिथेच उभी होते, मिनूला खाली सोडून, आणि मी तो शब्द ऐकत होते. त्यांनी फोटो काढला आणि पाठवला.

मी तेव्हा खाली बघायला पाहिजे होतं.

गुरुवारी सकाळी उत्तर आलं. नेहाने वाचलं. पहिल्या दोन ओळींमध्ये लिहिलं होतं, फारच सुंदर, असंच पाहिजे होतं, अक्षरं थोडी वर आहेत ते उलट चांगलं, म्हाताऱ्या लोकांच्या बोटांना कळतील. मी दीदीचा हात धरला. मग नेहा थांबली. पुढे लिहिलं होतं, फोटोच्या खालच्या कोपऱ्यात एका लहान मुलाचा हात दिसतो आहे. तुमच्या कारखान्यात लहान मुलं असतात का? मुलं जिथे असतात तिथलं काम आमचा क्लब घेऊ शकत नाही. कृपया लिहून कळवा.

तिवारीजींनी फोन माझ्यासमोर धरला. खरंच होतं. टेबलाची कड धरून मिनू उभी राहिली होती, आणि तिची चार बोटं झेंड्यावर. काळ्या चौकटीच्या अगदी खाली.

ती स्वतःच्या पायावर पहिल्यांदा एवढा वेळ उभी राहिली असेल, आणि मी पाहिलं नाही.

"बच्ची काम थोड़ी कर रही थी," दीदी म्हणाली. "लिख दो ना, माँ के साथ आती है, माँ को देखना पड़ता है."

"मैं लिख दूँ, और वो बोलें कि फैक्ट्री में बच्चा रखते हो?" तिवारीजी म्हणाले. "बाहर वालों को माँ नहीं दिखती बेन, फोटो में हाथ दिखता है." मग माझ्याकडे न बघता बोलले, "गलत तो वो भी नहीं हैं."

मी कबूल करते, ते चुकीचे नव्हते. तो क्लब चांगल्या लोकांचा आहे. त्यांनी एकदा एक मुलगी हरवली आहे, म्हणून ते मुलांचा हात बघतात. पण मग मी कुठे चुकीची होते, तेवढंच मला कोणी सांगत नाही.

तिवारीजींनी लिहून पाठवलं की कोणी भेटायला आलं होतं, त्यांचं मूल होतं, पुन्हा होणार नाही. झेंडा त्याच दिवशी कुरियरने गेला. संध्याकाळी सेठजींचा निरोप आला, उद्यापासून गेटच्या आत बच्चा नाही. शुक्रवारी गेटवर पाटी पण लागली. तिवारीजी मला म्हणाले, "बेटा, तू आ, तेरी जगह है. बच्ची को कहीं रख दे." कहीं. मी खूप विचार केला त्या कहींचा. नाना म्हणाले, "मी सांभाळतो, मी बसूनच राहीन, उचलणारच नाही तिला." आणि त्यांनी मला दाखवायला दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, थरथर दिसू नये म्हणून. ते पाहिलं आणि मी ठरवलं.

शनिवारी मी खोका आणायला गेले. गेटवरच थांबले, मिनू कडेवर होती ना. दीदीने गोधडी आणि खोका बाहेर आणून दिला. म्हणाली, "तूने मेरे लिए किया था, मेरे को मालूम है." मग आत गेली, तिची मशीन थांबली होती.

आता मी घरी साड्यांना फॉल लावते. टाका भरायचं काम घरी येत नाही, ते मशीनच्या बाजूलाच लागतं. फॉल कोणीही लावू शकतं. मी वाईट नाही बोलत, पण माझा हात त्याच्यासाठी नव्हता.

महिन्याभरापूर्वी दीदीने फोटो फॉरवर्ड केला, क्लबने तिवारीजींना पाठवलेला. त्या वाळवणाच्या ग्राउंडवर झेंडा उघडला आहे. थंडी दिसते, सगळ्यांनी कोट घातले आहेत. एक म्हातारी बाई पुढे वाकून काळ्या चौकटीवर हात ठेवून आहे. शेवटच्या ओळीवर. आणि झेंडा खालून धरला आहे दोन लहान मुलींनी, मिनूपेक्षा थोड्याच मोठ्या, चौकटीच्या कडेला त्यांची बोटं. नानांनी फोटो मोठा करून करून पाहिला. विचारलं, "तुझं काम कुठलं यात?" मी दाखवलं. म्हणाले, "काही दिसत नाही." मी म्हटलं, "नाना, तसंच पाहिजे होतं." ते म्हणाले, "आणि एवढा झेंडा हातात धरून मॅच हरताहेतच अजून?" मी दीदीला विचारलं होतं, या वर्षी पण एक पायरी खाली गेले. नाना म्हणाले, "असू दे. जाळी तर आहे."

ती कतरण माझ्या शिलाईच्या डब्यात होती. काल मी फॉल लावत होते आणि मागे एकदम शांत झालं. मिनू गप्प झाली की मला धस्स होतं, मी वळले. तिने डबा उलटा केला होता, आणि ती कतरण मांडीवर घेऊन, जीभ बाहेर काढून, बोटाच्या चिमटीने धागा ओढत होती. तिला कोणी शिकवलं नाही, तिने खोक्यातून पाहिलं असेल मला. मुलीच्या नावाची शेवटची दोन अक्षरं निघून गेली होती.

मी तिच्या हातातून कतरण घेतली. ती रडली, तिला मांडीवर घेतलं. सुईत काळा धागा ओवला आणि ती दोन अक्षरं भरायला बसले, उजेडाकडे तिरपं धरून, कोपराने तिला आवरून.